घसा नेमका त्याच आठवड्यात का बसतो?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे मी मुद्दाम एकत्र घेतली आहेत. पत्रे लिहिणाऱ्यांची वये वेगळी आहेत आणि अडचणीही वेगळ्या आहेत, परंतु तिघांनीही जवळजवळ एकच प्रश्न विचारला आहे : जे करावेसे वाटते, तेच करायची वेळ आली की मी स्वतःच त्यात मोडता का घालतो? ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. पहिल्या पत्राला जागा अधिक दिली आहे, कारण त्यात सांगण्यासारखे अधिक आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार, ताई. मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते. वय ४३, एका शाळेत गणित शिकवते. आमच्या घरात तीन पिढ्यांपासून गाणे आहे. लहानपणी मला तानसेनांच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खायला नेले होते (तो खाल्ला की गळा गोड होतो, अशी समजूत आहे), आणि घरी येणारा प्रत्येक जण म्हणे, “बुवांची मुलगी, गळा उपजतच असणार.” पुढे मी रीतसर शिकले, परीक्षाही दिल्या. परंतु गेल्या अकरा वर्षांत चार वेळा जाहीर कार्यक्रमात गाण्याचे निमंत्रण आले आणि चारही वेळा मी आयत्या वेळी नकार कळवला. मी खोटे सांगत नाही, घसा खरोखरच बसतो. डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासून स्वरतंतू निरोगी असल्याचे सांगितले आहे. कार्यक्रमाच्या आठ-दहा दिवस आधी माझा रियाज बंद पडतो, मी घरातली नको ती कामे काढते, जाऊबाईंशी खटके उडतात, जागरणे होतात. गेल्या वेळी आयोजकांना नकाराचा फोन केला आणि फोन ठेवल्यावर कित्येक दिवसांनी मला पहिल्यांदा कडकडून भूक लागली. त्या रात्री शांत झोपले. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःची इतकी चीड आली, की महिनाभर तंबोऱ्याला हात लावला नाही. आता दिवाळीच्या पाडव्याला पहाटे गाण्याचे निमंत्रण आहे. परवा माझी चौदा वर्षांची मुलगी म्हणाली, “आई, तू हो म्हणू नकोस, तुझा घसा बसेल.” ती टोमणा मारत नव्हती, काळजीने बोलत होती, आणि तेच मला लागले. मी आळशी आहे का? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेण्याची ही खोड जाईल का? की या वेळी आधीच नाही म्हणून मोकळी होऊ?

उत्तर : तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले : फोन ठेवल्यावर भूक लागली. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या वाक्यात आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करते.

ज्या गोष्टीची धास्ती घेतलेली असते ती टळली, की शरीर तत्काळ सैल पडते. छातीवरचे ओझे उतरते, भूक लागते, झोप येते. ही सुटका इतकी गोड असते, की मन ती पक्की लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी तशीच धास्ती वाटू लागली की तोच रस्ता धरते. याची किंमत द्यावी लागत नाही असे नाही. चीड येते, तंबोरा महिनाभर कोपऱ्यात पडून राहतो, मुलीच्या डोळ्यांत काळजी दिसते. परंतु ही सारी किंमत दुसऱ्या दिवशी आणि पुढच्या महिन्यात वसूल होते, सुटका मात्र त्याच मिनिटाला हातात पडते, आणि मन आधी हातात पडलेल्या गोष्टीवरून शिकते. म्हणूनच चार वेळा पश्चात्ताप होऊनही पाचव्या वेळी पाऊल त्याच वाटेने पडू पाहते. याला आळस म्हणता येणार नाही. आळशी माणूस कार्यक्रमाच्या आठवड्यात घरातली नको ती कामे काढत नाही.

घशाविषयी आधी एक स्पष्ट करते, कारण घरातल्या कोणी तुम्हांला ‘नाटक करते’ असे म्हटले असेल तर ते अन्यायाचे आहे. धास्तीत मान, जबडा आणि जिभेचे मूळ आवळले जाते, स्वरयंत्राभोवतीचे स्नायू ताठरतात, तोंड कोरडे पडते आणि श्वास पोटापर्यंत न जाता छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो. त्यात जागरणांची भर पडली, की निरोगी स्वरतंतूंमधूनही सूर नीट निघत नाही. तेव्हा घसा बसतो हे खरे आहे. मात्र तुम्हीच लिहिलेला क्रम पाहा. आधी रियाज बंद पडतो, मग कामे निघतात, मग भांडण, मग जागरण, आणि घसा या सगळ्यांच्या शेवटी येतो. या वेळी घशावर लक्ष ठेवू नका. तंबोऱ्यावर गवसणी कोणत्या दिवशी चढते, त्यावर लक्ष ठेवा.

आता तो रियाज बंद का पडतो, याकडे वळू. एडवर्ड जोन्स आणि स्टीव्हन बर्ग्लास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही विद्यार्थ्यांना सुटणारी कोडी दिली, काहींना अशी कोडी दिली की ज्यांचे उत्तर निव्वळ अंदाजाने ठोकावे लागे, आणि सर्वांना सांगितले की तुम्ही उत्तम गुण मिळवले आहेत. मग दुसऱ्या परीक्षेआधी दोन औषधांपैकी एक निवडायला सांगितले. एकाने बुद्धी तल्लख होईल, दुसऱ्याने मंदावेल, असे त्यांना सांगण्यात आले होते. ज्यांना आपले यश आपण कसे मिळवले हेच ठाऊक नव्हते, त्यांचा कल बुद्धी मंदावणाऱ्या औषधाकडे अधिक दिसला. हा कल पुरुष विद्यार्थ्यांमध्ये ठळक होता, मुलींमध्ये तितका नव्हता, आणि एका प्रयोगावरून साऱ्या माणसांविषयी निकाल देऊ नये हे मी जाणते. तरीही तुमचे पत्र वाचताना मला तो आठवला, कारण तुम्हीही गाण्याआधी मिळालेल्या शाबासकीवर वाढला आहात. “गळा उपजतच असणार” हे वाक्य लोकांनी तुमचा सूर ऐकून म्हटले नव्हते, वडिलांचे नाव ऐकून म्हटले होते. तुम्ही गणित शिकवता. ज्या मुलाचे उत्तर पायऱ्या न मांडताच बरोबर येते आणि वर्गात ज्याची वाहवा होते, त्याच्या पोटात पुढच्या गणिताच्या वेळी काय होत असेल, हे तुमच्याइतके कोणाला कळणार? आजारी पडून परीक्षा बुडवली, तर निदान वाहवा तरी शिल्लक राहते. रियाज न करता घसा बसला, तर “घसा बसला म्हणून, नाहीतर गायलीच असती” हे वाक्य शिल्लक राहते. गेली अकरा वर्षे तुम्ही त्या एका वाक्याची राखण करीत आहात, असे मला वाटते.

तुमच्याच गावाची एक गोष्ट मला येथे महत्त्वाची वाटते. गळा उपजत असतो आणि गाणे घराण्यात असते, ही समजूत ग्वाल्हेरइतकी बळकट क्वचितच कोठे असेल. परंतु याच गावात १९१४ मध्ये गायक कृष्णराव शंकर पंडितांनी आपले संगीत विद्यालय काढले आणि १९१८ मध्ये ग्वाल्हेरचे राजे माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने व संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या योजनेने माधव संगीत विद्यालय उभे राहिले. गाणे वर्गात बसून, पायरीपायरीने, रोजच्या चुका सुधारत शिकता येते, या विश्वासावर ही दोन्ही विद्यालये उभी राहिली. चिंचेचा पाला आणि वर्गातली वही ही दोन्ही ग्वाल्हेरचीच आहेत. तुमच्या मनात पाला जिंकलेला आहे.

कीर्तनात आपण सर्वांनी नळीवरच्या पोपटाचा दृष्टांत ऐकलेला आहे. पोपट नळीवर बसतो, त्याच्याच भाराने नळी फिरते, तो उलटा होतो आणि आपल्याला कोणी बांधले आहे असे समजून ती नळी अधिकच घट्ट धरून ठेवतो. त्या पोपटाला कितीही समजावले तरी उपयोग होत नाही, हा त्या दृष्टांतातला भाग मला सर्वांत खरा वाटतो. भीती युक्तिवादाने शिकत नाही. ज्या अनिष्टाची ती वाट पाहत असते, ते समोर राहूनही घडले नाही, असा अनुभव तिला पुन्हा पुन्हा मिळाला, तरच ती शिकते. तेव्हा पंजा सैल करून पाहावा लागतो, आणि तोही खूप उंचावर नव्हे, तर जमिनीपासून हातभर उंचीवर असताना.

तुमच्यासाठी हातभर उंची म्हणजे स्वतःचा आवाज ऐकणे. मोबाइल फोन तंबोऱ्यापासून थोडा दूर ठेवून रोज दहा मिनिटे ध्वनिमुद्रण करा. पहिले चार-पाच दिवस फक्त खर्जातला ‘सा’ आणि आकार, मग एखादी छोटी बंदिश. ते त्याच दिवशी संध्याकाळी, शेवटपर्यंत ऐका. मधेच बंद करावेसे वाटेल. ते नेमके कोणत्या क्षणी वाटते, हे वहीत लिहा : सूर उतरला तेव्हा, की तान अडखळली तेव्हा, की आवाजात वडिलांची एखादी लकब ऐकू आली तेव्हा. त्या क्षणी शरीरात काय होते, तेही लिहा. कोणाचा गळा दाटतो, कोणाचे कान तापतात, कोणाला एकदम स्वयंपाकघरातले काम आठवते. ते होऊ द्या आणि ऐकत राहा. ही लाट चढते, काही वेळ थांबते आणि ओसरते. तुम्ही आजवर दर वेळी ती चढत असतानाच पाण्याबाहेर आला आहात, त्यामुळे ती ओसरते हे तुम्हांला अद्याप पाहायला मिळालेले नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. समुपदेशनाचे शिक्षण घेत असताना आम्हांला आमच्या बैठकींचे ध्वनिमुद्रण, अर्थातच समोरच्या व्यक्तीच्या संमतीने, ऐकावे लागत असे. मी जवळजवळ वर्षभर ते टाळले. कधी टेप बिघडला, कधी वेळ मिळाला नाही. अखेर एका दुपारी दार लावून ऐकले, तेव्हा कळले की एक बाई आपल्या मुलाच्या मृत्यूविषयी सांगत असताना मी तिला चार वेळा मधेच तोडले होते. ती दुपार मी विसरू शकत नाही. परंतु गप्प बसून ऐकणे मी त्या दुपारनंतर शिकले, आणि ते शिकण्यासाठी दुसरा कोणता मार्ग मला मिळाला असता असे वाटत नाही.

ध्वनिमुद्रण ऐकणे सवयीचे झाले, की एक पायरी वर चढा. भीतीच्या अशा पायऱ्या करून चढण्याची पद्धत जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकेतील मानसोपचारतज्ज्ञाने १९५८ मध्ये सविस्तर मांडली. त्याचा भर प्रत्येक पायरीवर मन शांत करण्यावर होता. पुढच्या लोकांनी अनुभवाने पाहिले की मन पूर्ण शांत होण्याची वाट पाहण्याची गरज नाही, पायरीवर टिकून राहणे पुरेसे असते. तुमची पुढची पायरी मुलगी असेल. त्यानंतर, तुम्हांला आवडो न आवडो, जाऊबाई. नेमका त्यांच्याशीच दर वेळी खटका का उडतो, हे मला पत्रावरून सांगता येणार नाही, परंतु घरात तुमचे गाणे लक्ष देऊन ऐकणाऱ्या बहुधा त्याच असाव्यात असा माझा अंदाज आहे. मग शेजारच्या दोघीतिघी, मग एकादशीचे भजन. दिवाळीला अजून अडीच महिने आहेत आणि एवढ्या पायऱ्यांना तेवढा वेळ पुरतो.

निमंत्रणाला याच आठवड्यात होकार द्या. आयोजकांकडे वीस मिनिटेच मागा आणि त्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा : घसा बसला तरी मी येईन, मंचावर बसेन, एक छोटी बंदिश म्हणेन, आणि तेही जमले नाही तर पुढच्या गायकाला तंबोऱ्याची साथ करीन. असे सांगितल्यावर बसलेल्या घशाला सुटकेचे दार उघडता येत नाही. राग निवडतानाही सावध राहा. अशा मनःस्थितीत माणसे सर्वांत कठीण वस्तू निवडतात, म्हणजे पडले तरी दोष वस्तूवर ढकलता येतो. पंधरा-सोळाव्या वर्षापासून म्हणत आलेली, झोपेतून उठवले तरी आठवेल अशी बंदिश घ्या. आणि ताप, सर्दी, खोकला खरोखरच झाला, तर डॉक्टरांकडे जा. तेथे माझे ऐकू नका.

बालपणात याचे मूळ काय, ते आधी शोधू का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण पुष्कळ जण विचारतात म्हणून सांगते. मूळ शोधणे वाईट नाही. तरीही कित्येक सुशिक्षित, विचारी माणसे वर्षानुवर्षे मूळ खणत राहतात आणि ते खणणेच त्यांचे टाळण्याचे साधन होऊन बसते, हे मी पाहिले आहे. पहाटे गाऊन झाल्यावर वडिलांची आठवण आली, रडू आले, तर रडा. पुष्कळदा मूळ असे चालता चालता पायाला लागते.

मुलीला खरे काय ते सांगा. “घसा बसण्याआधी माझा रियाज बंद पडतो, हे मला आता कळले आहे,” एवढे पुरे. तिला तुमच्यावर पहारा ठेवायला मात्र लावू नका, तो भार चौदा वर्षांच्या मुलीचा नाही. आणि एक कठीण गोष्ट आपण दोघींनी मान्य करून ठेवू. पाडव्याच्या पहाटे तुमचे गाणे मध्यम प्रतीचे होईल अशी शक्यता आहे. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मंचावर बसणाऱ्या कोणाचेही तसेच होते. ते मध्यम गाणे तुमचे असेल, त्याचे ध्वनिमुद्रण तुमच्याकडे असेल, आणि त्यात कोणता स्वर उतरतो ते तुम्हांला वहीत लिहिता येईल.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून थाटीपूरला राहतो व एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करतो. अस्वस्थता सोसल्याने माणूस घडतो, असे आपण पूर्वी लिहिले होते. आमचे वरिष्ठ सर्वांसमोर अपमान करतात, फायली अंगावर टाकतात. तीन वर्षे मी हे सोसतो आहे. यातून मी घडतो आहे, असे समजावे का?

उत्तर : नाही, असे मुळीच समजू नका. माझ्या लिहिण्यातून तसा अर्थ निघाला असेल तर तो दोष माझा आहे आणि तो सुधारण्याची संधी दिल्याबद्दल तुमची ऋणी आहे. जी अस्वस्थता तुम्हांला हव्या असलेल्या गोष्टीच्या वाटेवर उभी आहे, ती सोसण्यात अर्थ आहे. गाणाऱ्या बाईला गायचे आहे, म्हणून तिने भीती सोसायची. फाइल अंगावर झेलून तुम्ही कोणत्या इष्ट गोष्टीच्या जवळ जाता? तुमच्या पत्रात मला त्याचे उत्तर सापडले नाही.

मात्र त्यात दुसरे काही सापडले. तीन वर्षांत तुम्ही वरिष्ठांना “माझ्याशी असे बोलू नका” हे एक वाक्य म्हटलेले नाही, आणि दुसऱ्या नोकरीसाठी एकही अर्ज केलेला नाही. म्हणजे रोजचा अपमान तुम्हांला सवयीचा झाला आहे, आणि ते वाक्य व तो अर्ज यांची अस्वस्थता तुम्ही टाळत आहात. सोसणे हीच कधी कधी पळवाट असते, आणि ती ओळखणे फार कठीण जाते, कारण जग तिला सहनशीलता म्हणते. पुढच्या प्रसंगी त्याच क्षणी बोलणे जमणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, एकांतात, उभ्याने, ते एक वाक्य म्हणा. तत्पूर्वी आरशासमोर वीस वेळा म्हणून पाहा. पहिला अर्ज या रविवारी लिहा, म्हणजे ते वाक्य बोलताना पायाखाली थोडी जमीन असेल. झोप उडाली असेल, सकाळी उठणेच नकोसे वाटत असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर हे सारे बाजूला ठेवून आधी तज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.

प्रश्न : माझे वय ६८. दौलतगंजात राहतो. घराच्या मधल्या भिंतीवरून थोरल्या भावाशी बोलणे बंद होऊन नऊ वर्षे झाली. पूर्वी महालक्ष्म्या त्यांच्याकडे बसत आणि आम्ही सारे तेथेच जेवत असू. मी त्यांना चार पत्रे लिहिली, एकही टाकले नाही. दर वेळी वाटते की भाषा अजून नीट जमली नाही. या वयात स्वभाव बदलतो का?

उत्तर : काका, स्वभावाचे राहू द्या. चार पत्रे लिहिणाऱ्या माणसाला भाषेची अडचण नसते. पत्र टाकले की उत्तराची वाट पाहावी लागेल, आणि उत्तर आलेच नाही तर काय, ही ती अडचण आहे. ती खरी आहे, आणि भाषा कितीही घासूनपुसून घेतली तरी ती जाणार नाही.

त्यांच्या बाजूनेही असेच एखादे पत्र ट्रंकेत पडून आहे, असे आश्वासन मी तुम्हांला देऊ शकत नाही. चौथे पत्र काढा. त्यात भिंतीच्या मोजमापाचा मजकूर आहे असे तुम्ही कळवले आहे, तो सगळा गाळा. “आई गेल्यावर आपण दोघेच उरलो” हे वाक्य ठेवा, आणि त्याखाली एवढेच लिहा, की या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी सकाळी अकरा वाजता येतो, दार उघडले तर जेवेन, नाही उघडले तर हळदीकुंकवाला लागणारी फुले उंबऱ्यावर ठेवून परत जाईन. मग ते पत्र पुन्हा वाचू नका. पाकिटावर पत्ता घाला आणि आजच्या आज पेटीत टाका.